भाकरीचा वर्ग

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिसगाव हे बाजारपेठेचे गाव लागते. जवळच गर्भगिरीच्या डोंगररांगा आहेत. कानिफनाथांची मढी आणि वृद्धेश्वर ही प्रसिद्ध देवस्थाने येथून फार दूर नाहीत. या भागात पाऊस बेताचाच पडतो. म्हणून खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी ही येथील जुनी पिके, आणि भाकरी हे येथील रोजचे अन्न. तिच्या जोडीला कधी पिठले, कधी लसूण-मिरचीचा ठेचा, तर कधी हिवाळ्यात हुलग्याचे गरमागरम शेंगोळे!

दसरा-दिवाळी झाली, की पाथर्डी तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडणीसाठी दूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. गळिताचा हंगाम संपला, म्हणजे बहुधा फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ती घरी परततात. काही मुले आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर जातात. काही मात्र आजी-आजोबांजवळ राहून आपली शाळा चालू ठेवतात. आजीचे हात थकलेले असतील, तर अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो. आज भाकरी कोण करणार? हा प्रश्न जसा मुलीपुढे असतो तसाच मुलापुढेही असतो. भूक काही मुलगा आणि मुलगी असा भेद करीत नाही.

अशा मुलांसाठी रविवारी सकाळी शाळेच्या ओसरीवर एक पाकवर्ग भरला आहे, अशी कल्पना करावी. तीन दगडांची चूल पेटली आहे. काठवट, तवा, उलथणे, पाण्याचे भगुले आणि बाजरीच्या पिठाचा डबा मांडून गावातील एक वृद्ध आजीबाई बसल्या आहेत. त्यांनी पन्नासएक वर्षे भाकरी थापली आहे. परंतु शिकवण्याचे काम त्यांना नवे आहे. समोर दहा-बारा मुले आहेत. त्यांतील एका मुलीने नवी कोरी वही आणली आहे. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाचे आईवडील फडावर गेले आहेत. त्याने वहीबरोबर घरातील एक स्टीलची वाटी आणली आहे. ती कशाला, म्हणून इतर मुले त्याला हसली.

आजीबाईंनी पीठ काठवटीत घेतले, मध्ये खळगा केला, त्यात कढत पाणी ओतले आणि उलथण्याच्या टोकाने ते कालवले. मग थोडा वेळ थांबून त्या तळहाताच्या टाचेने पीठ रगडू लागल्या. वहीवाल्या मुलीने विचारले, "आजी, पाणी किती घालायचं?"

"पीठ मागंल तेवढं, लेकरा," आजीबाई म्हणाल्या.

मुलीने तसेच लिहून घेतले आणि ती पुढच्या कृतीची वाट पाहू लागली. शेजारच्या मुलाचे मात्र या उत्तराने समाधान झाले नाही. तो म्हणाला, "आजी, पुढल्या भाकरीला पीठ आणि पाणी माझ्या वाटीनं मोजून घेऊ द्याल का?" आजीबाई हसल्या, पण त्यांनी परवानगी दिली. दोन वाट्या पिठाला एक वाटी भरून पाणी घेतले, आणि मळून झाल्यावर वाटीत थोडे उरले. उरलेले किती, हेही त्याने पाहिले. मग आजीबाईंच्या संमतीने मळलेल्या पिठाला त्याने बोटाने हळूच दाबून पाहिले. ते कानाच्या पाळीसारखे मऊ लागले. वाटीचे माप आणि बोटाची खूण या दोन्ही गोष्टी त्याने एकाच ओळीत लिहिल्या.

पाकवर्गात जाऊन खरोखर काही शिकावयाचे असेल, तर या मुलाने जे केले तेच करावे लागते. ज्यांचे हात मुरलेले असतात, त्यांना आपण काय करतो हे सांगता येतेच असे नाही. 'मूठभर', 'चवीपुरते', 'अंदाजाने' हे शब्द ते टाळाटाळ म्हणून वापरीत नाहीत. त्यांच्या हाताला ते माप खरोखरच ठाऊक असते. हाताचे हे ज्ञान डोळ्यांनी टिपणे आणि मापात उतरविणे हे शिकणाऱ्याचे काम आहे. वाटी घरचीच का आणावयाची, हेही ध्यानात घ्यावे. सगळ्या वाट्या सारख्या नसतात. वर्गातल्या वाटीने मोजलेले माप घरच्या वाटीला लागू पडत नाही. पण एकाच वाटीने पीठ आणि पाणी दोन्ही मोजले, तर त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण कोठेही तेच राहते.

महाराष्ट्रातील स्वयंपाकाच्या पुस्तकांची गोष्टही या ठिकाणी आठवते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि ते घरोघरी पोहोचले. कमलाबाईंचा जन्म १९१३ सालचा, सांगली जिल्ह्यातील कुंडल गावचा. त्यांचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतच झाले होते. स्वयंपाकाचे धडे त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली गिरवले. स्वयंपाकघर हाच त्यांचा वर्ग, आणि सासूबाई याच गुरू. मात्र पुस्तक लिहिताना त्यांनी 'अंदाजाने घ्यावे' असे म्हणून सोडून दिले नाही. किलो आणि ग्रॅम यांच्या भानगडीतही त्या फारशा पडल्या नाहीत. घरात तराजू कोणाकडे असतो? वाटी आणि चमचा मात्र प्रत्येकीच्या हाताशी असतात. त्यांनी वाटी-चमच्याची मापे दिली, आणि माहेरापासून दूर नव्या संसारात पडलेल्या हजारो मुलींना स्वयंपाक करता येऊ लागला. मोठ्यांच्या हातातील अंदाज त्यांनी वाटीत मोजला, असे म्हणता येईल. तिसगावच्या मुलाला हे पुस्तक ठाऊक असण्याचे कारण नाही; तरी त्याने आणलेली वाटी त्याच जातीची होती.

आता पुन्हा ओसरीवर येऊ या. आजीबाईंनी गोळा केला, काठवटीत कोरडे पीठ भुरभुरले आणि त्यावर गोळा ठेवून त्या थापू लागल्या. त्यांचा एक हात थापीत होता आणि दुसरा कडेला आधार देत होता. भाकरी आपोआप फिरत आहे असे वाटे. मग त्यांनी ती अलगद उचलली, पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकली आणि लगेच ओल्या हाताने तिच्यावर पाणी फिरवले. पाणी सुकत आले तोच त्यांनी भाकरी उलटली. ती बाजू खरपूस भाजल्यावर त्यांनी तवा उतरवला आणि भाकरी चुलीतल्या निखाऱ्यांपुढे उभी केली. ती टम्म फुगली. मुलांच्या तोंडून 'अहाहा!' असा उद्गार निघाला.

वहीवाल्या मुलीने लिहिले : 'पीठ, पाणी, मळणे, थापणे, भाजणे.' पाचही शब्द बरोबर होते. पण त्यांच्या आधारे कोणालाही भाकरी करता आली नसती. कारण तव्यावर टाकल्यावर पाणी केव्हा फिरवावयाचे आणि भाकरी केव्हा उलटावयाची, हे त्या पाच शब्दांत कोठेच नव्हते. स्वयंपाकात घड्याळापेक्षा खुणा अधिक उपयोगी पडतात. वरचे पाणी चकाकते आहे तोवर थांबावे. चकाकी मावळू लागली की उलटावे. फोडणीत मोहरी तडतडली की मगच पुढचा जिन्नस टाकावा. लसणाचा उग्र वास जाऊन खमंग वास येऊ लागला, की तो परतला गेला असे समजावे. शिकणाऱ्याने डोळ्यांबरोबर नाक आणि कानही उघडे ठेवून वर्गात बसावे, आणि वहीत कृतीपेक्षा खुणा अधिक लिहाव्यात. म्हणून शक्य तर चुलीजवळची जागा धरावी. मात्र धूर डोळ्यांत जाईल आणि पदर किंवा बाही जाळाला लागेल इतकी जवळची नव्हे.

खुणा टिपून झाल्यावर 'का?' हा प्रश्न उरतोच. तो विचारावयास संकोच करू नये. परंतु भाकरी तव्यावर असताना तो विचारू नये. आजीबाईंचे लक्ष तव्याकडून क्षणभर उडाले, तर भाकरी करपेल आणि उत्तरही अर्धेच मिळेल. त्या मुलाने भाकरी दुरडीत पडेपर्यंत दम धरला आणि मग विचारले, "आजी, पाणी कढतच का घ्यायचं? आई कणीक तर गार पाण्यात भिजवते."

आजीबाई म्हणाल्या, "गार पाण्यानं बाजरी धरत नाही. थापताना फाटती." यापुढचे कारण त्यांना सांगता आले नाही, ते शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितले. गव्हात ग्लूटेन नावाचा चिवट पदार्थ असतो. कणीक भिजवून मळली, की त्याचे जाळे तयार होते आणि कणीक ताणता येते. म्हणूनच कणीक थोडा वेळ झाकून ठेवली, तर पोळ्या मऊ होतात. बाजरीत आणि ज्वारीत ग्लूटेन नसते. त्यांच्या पिठातील पिष्टमय कण कढत पाण्यात फुगतात, चिकट होतात आणि तो चिकटपणाच पिठाला धरून ठेवतो. म्हणून भाकरीचे पीठ कणकेसारखे तासभर मळून ठेवण्यात लाभ नाही; एकेका भाकरीपुरते घेऊन ते त्याच वेळी रगडावे लागते. वरून फिरविलेले पाणीही असेच कामाचे. त्यामुळे वरची बाजू एकदम सुकून तडकत नाही. पुढे आतल्या पाण्याची वाफ होते, ती दोन पापुद्र्यांमध्ये कोंडते आणि भाकरी फुगते. कोठे चीर पडलेली असेल, तर वाफ तेथून निसटून जाते.

एक कारण कळले, की त्याच्या मागोमाग दुसरी अनेक कारणे कळू लागतात. चिंचेचा कोळ डाळ शिजण्यापूर्वीच घातला, तर डाळ लवकर मऊ होत नाही. कारण आंबटपणामुळे दाण्याचे कवच आणि पेशी सहज सुटत नाहीत. विंधन विहिरीच्या जड पाण्यातही तेच घडते. त्या पाण्यातील चुन्याचे क्षार डाळीला घट्ट धरून ठेवतात. डाळ शिजत नाही म्हणून दुकानदाराला दोष देण्यापूर्वी पाणी बदलून पाहावे, हे ज्याला कळले त्याचे इंधनही वाचते.

वर्ग संपल्यावर मुले भाकरी आणि ठेचा खाऊन घराकडे पळाली. मागे राहिले ते भगुले, काठवट, तवा आणि राख. दोन-तीन मुलांनीच ती आवराआवर केली, आणि ती करताना त्यांना असे काही समजले, की जे पळालेल्यांना समजले नाही. काठवटीला चिकटलेले पीठ लगेच धुतले तर चटकन निघते, वाळले तर खरवडावे लागते. भाजल्यावर औषध काय, हेही याच वेळी निघाले. कारण एका मुलाचे बोट तव्याला लागले. आजीबाईंनी हळद शोधावयास सुरुवात केली होती; पण गुरुजींनी त्याचे बोट साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरले आणि चांगली वीस मिनिटे धरून ठेवले. हळद, टूथपेस्ट, तेल यांतले काहीही भाजलेल्या जागी लावू नये. बर्फही लावू नये. मोठे भाजले असेल तर तडक दवाखाना गाठावा. या एका गोष्टीत मात्र जुन्या अनुभवापेक्षा नव्या ज्ञानाचे ऐकणे बरे.

पाकवर्गाची खरी परीक्षा वर्गात होत नाही. ती दुसऱ्या दिवशी घरी होते. तेथे शेजारी आजीबाई नसतात, पीठ निराळे असते आणि तवाही निराळा असतो. शिकलेला पदार्थ दोन-तीन दिवसांच्या आत स्वतःच्या हाताने केला नाही, तर वहीतील अक्षरे राहतात आणि हाताची आठवण पुसून जाते. हे बोलणे थोडे कडक वाटेल. पण पोहणे आणि सायकल चालविणे यांना जो नियम लागू आहे, तोच भाकरीलाही आहे.

त्या मुलाने सोमवारी सकाळी भाकरी करावयास घेतली. माप वहीप्रमाणे, पाणी कढत, मळणेही नीट. तरीही थापताना भाकरीच्या कडा फाटल्या. उचलताना तिचे दोन तुकडे झाले. त्याने चार वेळा प्रयत्न केला. घरातील आजी खाटेवरून पाहत होती. ती म्हणाली, "राहू दे बाळा, तुकडे झाले म्हणून काय झालं? दुधात कुस्करून खाऊ." दोघांनी तसेच खाल्ले. भाकरी किंचित कडवट लागत होती. मुलगा काही बोलला नाही. पण त्यातला एक तुकडा त्याने फडक्यात बांधून ठेवला, आणि वहीत तारीख घालून लिहिले : 'कडा फाटल्या. चव कडू. पीठ महिन्यापूर्वी दळलेले.'

पुढच्या रविवारी इतर मुले नवा पदार्थ शिकण्याच्या उत्सुकतेने आली. तो मात्र फडके घेऊन आला. बिघडलेला पदार्थ वर्गात घेऊन येणे कोणाला आवडते? बहुतेकांना त्याची लाज वाटते. ते चांगले तेवढे सांगतात आणि वाईट ते झाकतात. त्यामुळे शिकविणाऱ्याला त्यांची अडचण कधीच कळत नाही. आजीबाईंनी तो वाळका तुकडा उलटसुलट करून पाहिला, थोडा मोडून जिभेवर ठेवला आणि लगेच विचारले, "पीठ कधीचं?"

"महिन्याचं."

"विरी गेली त्याची. बाजरीचं पीठ आठ दिवसांच्या वर ठेवू नये. दळायचं थोडं, नि पुन्हा दळायचं."

पिठाचा चिकटपणा नाहीसा होणे, यालाच 'विरी जाणे' म्हणतात. हा शब्द त्या दिवशी बारा वह्यांत लिहिला गेला. त्यामागचे कारणही गुरुजींनी सांगितले. बाजरीच्या दाण्यात इतर पुष्कळ धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अखंड असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळल्यावर हवा आणि दाण्यातलेच पाचक द्रव्य त्याच्यावर काम करू लागतात, आणि पीठ काही दिवसांतच कडू होते. 'रुचिरा'सारख्या चांगल्या पुस्तकातही वाचकाच्या घरातील डब्यात काय आहे, ते दिसू शकत नाही. तुकडा पाहून डब्यातील पिठाचे वय ओळखणे केवळ प्रत्यक्ष शिकविणाऱ्यालाच शक्य आहे. पाकवर्गाला जाण्यात पुस्तकापेक्षा अधिक लाभ कोणता, असे कोणी विचारले, तर हा.

पीठ विचारता विचारता आजीबाईंना जुनी गोष्ट आठवली. १९७२ च्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्ह्यातील शेते करपून गेली होती, आणि अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी लोकांना खावी लागली. तिची भाकरी घरच्या ज्वारीसारखी ना दिसे, ना लागे. "आमी तवा कुणाला विचारणार?" आजीबाई म्हणाल्या. "शेजारणी-शेजारणी बसलो. एक म्हणाली पाणी जास्त घाल, दुसरी म्हणाली पीठ चाळू नको. करून करून जमलं." तो त्यांचा पाकवर्गच होता; फक्त त्याला कोणी ते नाव दिले नव्हते.

त्या दिवशी वर्गात हुलग्याचे शेंगोळे होते. तरीही आजीबाईंनी प्रथम त्या मुलाच्या हाती ताजे पीठ दिले आणि स्वतः बाजूला सरकल्या. वहीवाल्या मुलीने वही मिटली व ती त्याच्यासमोर बसून पाहू लागली. त्याने वाटीने पाणी मोजले, थोडे राखून ठेवले, पीठ रगडले आणि बोटाने दाबून पाहिले. पहिली भाकरी वाकडी झाली. दुसरीची एक कड फाटली. तिसऱ्या भाकरीवरचे पाणी चकाकता चकाकता मंद झाले, तशी त्याने ती उलटली, आणि निखाऱ्यापुढे धरताच ती एका बाजूने हळूहळू फुगू लागली.

"वाकडी गाईला घाल," आजीबाई म्हणाल्या, "नि ही तुझ्या आजीला ने. गरम हाय तोवर."

त्याने भाकरी फडक्यात बांधली आणि तो घराकडे धावत निघाला. वाटी मात्र ओसरीवरच राहिली. ती त्या मुलीने उचलली आणि आपल्या भाकरीसाठी पीठ मोजावयास घेतले.